मामांचं इंग्रजी

(शिरपूरजवळचं एक गाव, १९८८. घराची ओसरी. प्रमिला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. नाना तिचे वडील, अहिराणी बोलतात.)

नाना : मंग काय सांगू त्यास्ले? नकारना निरोप उना धुळाथीन. पोरगी शिकेल शे, पन मोठा मानसंस्ना तोंडले लागस, आसं सांगतस त्या.

प्रमिला : मी तोंडाला लागले नाही, नाना. मुलाच्या मामांनी इंग्रजी विचारलं, मी उत्तर दिलं.

नाना : उत्तर दिधं ते ठीक. त्या भाईदासमामास्नी तुले दुरुस्त कयं, तव्हय गप बसता उनं नही?

प्रमिला : आलं असतं. पण सोमवारी फळ्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहिले असते? त्याच चुकीसाठी मी पोरींचा गुण कापते.

नाना : हाई तिसरं स्थळ गयं, पोरी. एक शब्दना करता.

प्रमिला : माहीत आहे मला.

नाना : शाळामा शिकाडी शिकाडी घरमाबी पुस्तकी बोलस तू. थांब. रस्तावर कोन ई राहिना? हाऊ ते नवरदेवच शे.

कौतिक : नमस्कार नाना. मी कौतिक. रविवारी आलो होतो पाहायला.

नाना : वळखं मी. एकला उनात?

कौतिक : एकटाच. निरोप माझ्या नावानं आला, पण मला कुणी विचारलं नव्हतं. प्रमिलाताईंशी, म्हणजे यांच्याशी दोन शब्द बोलायचं होतं. तुमच्या समोरच बोलतो.

नाना : बठा. बोला तुम्ही. मी गायले पानी पाजी येस. आठेच शे मी, वाडामा.

प्रमिला : बसा ना. बोला.

कौतिक : मामांनी तुम्हाला सांगितलं होतं, 'आमच्या घरात सगळे शिकलेले आहेत', याचं इंग्रजी करा.

प्रमिला : हो. मी म्हटलं, एव्हरीवन इन अवर हाउस इज एज्युकेटेड.

कौतिक : आणि मामा म्हणाले, इज नाही, आर. तुम्ही पुन्हा इज म्हणालात. का, ते मला विचारायचं होतं.

प्रमिला : एव्हरीवन म्हणजे एकेक जण. घरात दहा माणसं असली तरी इंग्रजी एकेकाकडे बघून बोलतं. आपणही 'प्रत्येकजण आला' म्हणतो, 'प्रत्येकजण आले' नाही म्हणत. समबडी, नोबडी, एव्हरीबडी, सगळ्यांना तोच नियम. मामांचं काय झालं, डोक्यात मराठी 'सगळे आहेत' होतं, म्हणून तोंडात आर आलं. माझ्या वर्गात निम्म्या पोरींचं तेच होतं. त्यात रागावण्यासारखं काही नाही.

कौतिक : हे त्या दिवशी सांगितलं असतं तर?

प्रमिला : सांगणार होते. मामांनी पानाचं तबक बाजूला सारलं आणि ते उठले. तुम्हीही उठलात.

कौतिक : उठलो. मला वाटलं, मामा चुकणार नाहीत. दुसऱ्या दिवशी धुळ्यात कॉलेजच्या एका सरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, मुलगी बरोबर आहे.

प्रमिला : एक विचारू? सरांनी मामा बरोबर आहेत असं सांगितलं असतं, तर आला असता का तुम्ही?

कौतिक : ते कशाला विचारता?

प्रमिला : खरं सांगा. मला राग येणार नाही.

कौतिक : नसतो आलो बहुतेक.

प्रमिला : हं.

कौतिक : वाईट वाटलं?

प्रमिला : वाटलं. पण खोटं बोलला असता तर जास्त वाटलं असतं. मी चुकूही शकते हो. उद्या खरंच चुकेन. तेव्हा माणूस उठून जाणार का, एवढंच मला बघायचंय.

कौतिक : लहानपणापासून घरात मामांचा शब्द चालतो. वडील आजारी, तेव्हा मामांनी मला शिकवलं. पाटबंधारे खात्यातली नोकरी त्यांच्याच खटपटीनं लागली. ते बोलले की आम्ही ऐकतो. घरात सगळेच नको म्हणतात.

प्रमिला : सगळे म्हणजे कोण कोण?

कौतिक : आई काही बोलली नाही. बाबा मामांच्या तोंडाकडे बघतात. बहिणीला तर तुम्ही आवडला होतात.

प्रमिला : आणि तुम्ही?

कौतिक : काल रात्री जेवताना मामांना सांगितलं, ती बरोबर होती, आणि लग्न करीन तर तिच्याशीच. ते हात धुऊन निघून गेले. ताटात भाकरी तशीच होती. आई रडली.

प्रमिला : मला न विचारताच सांगितलंत?

कौतिक : हो. तेही चुकलं. म्हणून आज विचारायला आलो.

नाना : व्हयनं का बोलनं? मी ऐकं थोडंफार, भित काही जाड नही. एक विचारस, पाव्हना. मामा येतीन का लगीनले?

कौतिक : नाही येणार, बहुतेक.

नाना : मंग अंतरपाटना येळे तुमना मांगे कोन उभा राही?

कौतिक : त्याचा विचार रात्रभर केला, नाना. दुसरं कुणी उभं राहिलेलं मलाच बघवणार नाही.

नाना : पोरी, तू काय सांगस?

प्रमिला : माझा होकार आहे, नाना. पण मामा आल्याशिवाय तारीख काढायची नाही. त्यांनी यांना वाढवलंय. रविवारी मीच जाते त्यांच्याकडे, यांच्या आईला बरोबर घेऊन. पाया पडते.

कौतिक : पाया पडून माफी मागाल?

प्रमिला : चारचौघांत बोलले, त्याची मागेन. 'इज'ची नाही.

कौतिक : त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. बसवून घेतील, चहा देतील आणि पुन्हा काहीतरी इंग्रजी काढतील. पुन्हा चुकले तर?

प्रमिला : तर या वेळी तुम्ही सांगा.