डेस्कटॉपवरच्या दोनशे खुणा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढच्या बाईंनी दुरुस्त होऊन मिळालेला लॅपटॉप उघडून पाहिला आणि काउंटरवर आपटलाच.

"माझं काही पुसू नका, असं बजावलं होतं ना तुम्हाला?"

"ताई, डी ड्राइव्हला हातही लावला नाही. फक्त सी पुसून सिस्टीम नवी टाकली."

"आणि डेस्कटॉपवरचे व्हिडिओ?"

"डेस्कटॉप सीमध्येच असतो, ताई."

"हे मला कोण सांगणार होतं? डोळ्यांसमोर राहावं म्हणून तिथे ठेवलं!"

"सगळे तिथेच ठेवतात."

"माहीत होतं, तरी विचारलं नाहीत? माझ्या मुलीला ऐकू येत नाही. आम्ही घरात हातांनी बोलतो त्या खुणा होत्या त्यात, दोनशे. परवा ती वसतिगृहात जातेय. तिचं पोट दुखलं तर तिथल्या बाईंना कळायचं कसं?"

"काल पुसल्यावर लक्षात आलं, तेव्हापासून शोधतोय. एकही व्हिडिओ परत आला नाही."

"मग बसा शोधत!"

"चुकलंच माझं. मुलगी कुठंय?"

"बाहेर पायरीवर बसलीय."

"बोलवा आत. माझ्या मोबाइलवर सगळ्या खुणा पुन्हा घेऊ, आत्ताच."

"दोनशे?"

"दोनशे. बाकीच्यांनी कृपा करून उद्या या."

आम्ही निघालो. बाई दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

"थांबा. या वेळी व्हिडिओ कुठे ठेवणार, ते आधी मला दाखवा!"