सुकटीच्या डब्यातलं नेट

आमच्या दातिवऱ्याच्या घरातल्या वाय-फायने माझी नोकरी घालवलीच असती. मीटिंग सुरू झाली की मी गायब. शेवटी साहेब म्हणाले, "घरून जमत नसेल तर रोज ऑफिसला या." राउटर वर फळीवर, म्हणून मी आपला रोज खालूनच स्विच बंद-चालू करून बघायचो. उपयोग शून्य.

मग नेटवाल्याला बोलावलं. किनाऱ्यावरच्याच घिवली गावचा पोरगा. स्टुलावर चढून बघतो तर राउटरची वायर थेट सुकटीच्या स्टीलच्या डब्यात गेलेली, वर झाकण.

मी ओरडलो, "आई, हे कोणी केलं?"

"मी. खाऱ्या वाऱ्यान मिक्सर गंजला, टीवी गेला. ह्याला तरी नको वाचवू?"

"मावशी, डब्यातून रेंज बाहेर येत नाय," असं म्हणत त्याने राउटर बाहेर काढला आणि नेट धावायलाच लागलं.

आईला काही पटेना. "तू पण दर्यावरचाच ना? तुज्या घरी उघड्यावर हाय?"

वायर गुंडाळत तो म्हणाला, "आमच्या आयनं तांदळाच्या पिंपात ठेवलाय. आमी शेजारच्यांचं नेट वापरतो."