झटका घालवणारं तेल

मास्तरीणबाई हेडलाइटचा बल्ब घ्यायला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात रांगेत होत्या. पुढच्या गृहस्थाचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कान कुठे झाकता येतात?

"जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतलीय. कंपनीचं गिअर ऑइल मिळत नाही. दुसरं कुठलं चालेल?"

"हे न्या, साहेब. गिअर बदलताना झटका देते ना?"

"देते."

"जाईल. पोटातलं पाणी हलणार नाही."

"अगदीच जाईल? थोडासुद्धा राहणार नाही?"

"अहो, लोक झटका घालवायलाच येतात!"

"आईला रोज फिरवून आणतो. आता ओळखत नाही, बोलत नाही. झटका बसला की तेवढं म्हणते, 'हळू रे, सोन्या.'"

"असंच चालवलंत तर वर्षभरात गिअरबॉक्स कामातून जाईल, दादा."

"वर्षभर निघेल ना? मग राहू दे तेल."