काकडीच्या बीवरचं रान

“राख म्हणजे घाण? पोरी, रोह्यात आमच्या सासवांनी काकडीचं बी राखेत मळूनच भिंतीला थापलंय!” पेणच्या बियाण्याच्या गोदामात मी तपासणीच्या मुलीवर कडाडले. माझं बी पहिल्यांदाच परदेशी पेरणीला निघालेलं, आणि ही ते निरोगी असल्याचा दाखला देईना.

“आजी, तुमचंच बी ओल्या कागदावर ठेवलं होतं. भिंगातून बघा तरी.”

मी डोळा लावला. अगो बाय! एवढ्याशा बीच्या पाठीवर अख्खं रान उगवलेलं, केसासारख्या देठांवर काळे मणी लखलखत होते. डोळा काढवेना. तरी म्हटलं, “पण माझा वेल कधी मेला नाय गो!”

“तुमच्या वेलाला या बुरशीची सवय आहे, आजी. तिकडच्या वेलांनी हिला कधी बघितलंच नाही.”