आज लेथला सुट्टी!

...नाही, म्हणजे वय काय तेव्हा माझं? पस्तीस! आणि पस्तिसाव्या वर्षी मांडी घालून फळ्यासमोर बसायचं? बसलो की हो! दोन वर्षं बसलो! का? तर मुंबईच्या गिरणीत फिटर व्हायचं तर आता नुसतं सुतारकाम येऊन भागत नाही, सर्टिफिकेट लागतं! ते द्यायला सरकारनं रत्नागिरीत उद्योगाचा वर्ग काढला. सरकारचा हेतू चांगला होता हो!

पण तुम्हाला सांगतो, वर्ग आला, फळा आला, लेथच आला नाही! लोखंड कातायचं यंत्र ते, त्याच्यावाचून शिकवणार काय, कप्पाळ? आमचे मजीद मिस्त्री, सगळा जन्म बोटीच्या इंजिनाशी काढलेला माणूस, फळ्यावर खडूनं लेथ काढायचे आणि म्हणायचे, "हां, आता ह्ये चाक फिरतंय, समजा!" आम्ही समजायचो. "लोखंड तापलं, समजा!" की आम्ही हात मागे घ्यायचो!... दीड वर्षानं खरा लेथ उतरला बंदरावर. खाली पायानं दाबायचं, वर चाक गरगर! रोज पुसायचा, तेल द्यायचं, लेकरासारखा जपला हो त्याला. आणि घरी आमची येसूबाई भांडीकुंडी बांधून तयार! गावातल्या सगळ्या बायकांचे नवरे मुंबईत एकटे, पण मी तिला शब्द दिलेला, फिटर झालो की चाळीत खोली घेईन, तुला घेऊनच जाईन.

आणि परीक्षा कधी ठेवावी सरकारच्या गोऱ्या साहेबानं? खंडेनवमीला! सुट्टीचा दिवस, सगळे मोकळे सापडतील म्हणून! सरकारचा हेतू चांगला होता हो! पण त्या दिवशी हत्याराची पूजा, हत्याराला विश्रांती, आपण तर रंध्यालासुद्धा बोट लावत नाही! लेथ बसलाय हळदकुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ... आणि साहेब म्हणतो, "टुम, बिकाजी, चलाव!"

मी लेथला लांबूनच हात जोडले. साहेबाचा कारकून घाम पुसत म्हणाला, "साहेब, आज यंत्राला विश्रांती." साहेब लेथकडे बघतो, "यंट्र ठकला?" मजीद मिस्त्री माझ्या कानात, "भिकाजी, मार पाय! तुझ्या देवाची समजूत मी काढतो, मार!" खोटं कशाला बोलू, पाय उचलला मी... पण सकाळी येसूबाईनं निघताना बजावलेलं, "आज हत्याराला हात लावलात तर माझी शपथ!" तिलाच मुंबईला न्यायचं म्हणून पाय उचलायचा, आणि शपथही तिचीच! उचललेला पाय तसाच खाली ठेवला. रडू आलं हो मला!

साहेबानं पांढरा रुमाल काढला, हळदकुंकू चुकवून लेथवरून फिरवला, रुमाल पांढराच! खूश झाला, आणि सर्टिफिकेटवर लिहून दिलं, 'यंत्र चालवता येत नाही. पुसतो उत्तम.' सरकारचा हेतू... जाऊ दे!

लागलो हो गिरणीत, त्याच कागदावर! यंत्रं पुसायला. झोपायला एका खोलीत चौदा जण, त्यात माझी एक वळकटी, येसूबाई तिकडेच. दर महिन्याला पत्र लिहवून घेते, "तिथं यंत्रं चालवता ना?" मी उत्तर धाडतो, "अगं, सकाळी माझा हात लागल्याशिवाय इथलं एक यंत्र सुरू होत नाही!"

खोटं आहे का? तुम्हीच सांगा...