एकट्याचा पगार

अरे, तुमची पोरं पहिल्या पगारावर घासाघीस करतात ना, तशी मीही केली होती. सत्तरच्या आसपासची गोष्ट. आर्किटेक्टची पदवी घेऊन कित्येक ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्यावर अंधेरीत एका साहेबांनी मला बोलावलं. पगार विचारला तर म्हणाले, “दोनशे.”

“पण साहेब, तुमच्याकडच्या जोशीला अडीचशे मिळतात. तो माझ्याच वर्गातला.”

“त्याचं लग्न झालंय. तू एकटा. एकट्याला काय खर्च रे?”

मला राहवलं नाही. “एकट्यालाच जास्त लागतो, साहेब. जोशी घरी जेवतो, मी खानावळीत. खोलीवर बोलायला कोणी नाही, म्हणून रोज मालाड स्टेशनसमोरच्या इराण्याकडे जाऊन बसतो. तो फुकट बसू देत नाही. चहावर चहा मागवावा लागतो.”

मला वाटलं, हसतील. हसले नाहीत. “दोनशेच,” म्हणाले, “सोमवारपासून ये.”

पहिल्याच शनिवारी संध्याकाळी मी इराण्याकडे बसलो होतो, तर साहेब अंधेरीहून येऊन माझ्यासमोर बसले. मी गडबडून उठलो.

“बस रे,” ते म्हणाले.

त्यांची बायको गेल्या वर्षी वारली, एवढं ऑफिसात माझ्या कानावर आलं होतं. मी दोन चहा सांगितले. चहा आला, संपलाही.

शेवटी मीच विचारलं, “साहेब, घरी नाही जायचं?”

रिकामा कप बाजूला सारत साहेब म्हणाले, “अजून दोन सांग.”