पोडाच्या चावडीबाहेर भगवानराव

हॅलो? … हॅलो, सुरभी? … आवाज तुटून राह्यला वं. थांब, ओट्यावर येतो… हं, आता बोल.

लागला न निकाल. पडले तुये बाबा.

… नाई नाई, मी बरी आहो. … हो, जेवली. शेंगा उकडल्या होत्या तुरीच्या.

प्रेमसिंग निवडून आला, बंजाऱ्याच्या तांड्यातला. … त्यात कायचा राग? तांड्यानं आपल्या माणसाले देल्लं. वेगळ्या विदर्भाले सारेच टाळ्या देतेत, आन् बटन दाबाच्या वक्ती ज्याले त्याले आपला माणूस आठोते. तुये बाबा जवानीपासून हेच पाहून राह्यले.

पण या खेपेले आपल्या गावानंबी नाई देल्लं… हो, आपल्याच गावानं. … काहून म्हणजे? तुह्या भावानं, रजतनं नाई सांगतलं? … ऐक न मंग. मधात बोलू नको.

प्रचाराले गेलते कोलामाच्या पोडावर, आपल्या टेकडीमांगच्या आदिवासी वस्तीवर. चप्पल काढून चावडीत बसले, आन् तेच नेहमीचं… आपला कापूस, आपलं जंगल, आन् ठरवणार मुंबई. आमचं आमाले पाहू द्या. सारं पोड मान हालवून राह्यलं. मंग पोडाचा मुखिया लेतू नाईक उठला. म्हणे, भगवानराव, आमीबी हेच म्हणून राह्यलो. आमची ग्रामसभा गावापासून वेगळी करा. गेल्या खेपेले तुमीच आडवे आले.

… हो न, तुये बाबाच! पोड वेगळं झालं तं तेंदूपत्ता, बांबू, सारं गावाच्या हातून सुटते. अख्खं गाव नाई म्हणे, हेबी तवा नाईच म्हणत.

… काय बोलतीन? चप्पल घातली न निघाले. घरी आले, भाकर तशीच राह्यली ताटात. दुसऱ्या दिवशी पारावर उभे राह्यले, साऱ्या गावासमोर. म्हणाले, "मी मुंबईपासून वेगळं मागतो, मंग पोडाले कोण्या तोंडानं नाई म्हणू? आपल्या ग्रामसभेत त्याइच्या ठरावाले पयला हात माहा."

… अगं, म्याबी तेच म्हणलं! मतं पडेपर्यंत तं चूप राहा. तं म्हणे, "वच्छले, आज चूप राह्यलो तं निवडून आल्यावर मी बदलीन."

गाव बिथरलं, मंग काय… पोडानं? पोडानंबी नाई देल्लं! रस्ता करून देणाऱ्याले देल्लं. नाईकानं आधीच तोंडावर सांगतलं होतं, तुमचा शब्द मोठा, पण आमाले बाळंतिणीले दवाखान्यात न्याले रस्ता पायजे. … हास, हास. मीबी हासली. पण खरं सांगतो सुरभी, इतके वर्स संसार केला, हा माणूस आपला आहे याचं इतकं बरं कधी वाटलं नोतं.

… घरी कुठी? पोडावर आहेत. निकाल लागला आन् झरीच्या मोजणीवरून तिकडेच गेले. आज पोड ठरावाले बसलं आहे. … फोन नाई उचलत वं. रजत गेलता आणाले. म्हणे, बाबा चावडीच्या बाहेर बसले, मातीत. नाईक आत बोलावून राह्यला, तरी जात नाईत.

… रजतनंबी हेच विचारलं, काहून म्हणून. तं त्याले म्हणे, "ते आता वेगळे आहेत, बाबू. त्याइच्या सभेत मले मत नाई."

… हॅलो? … सुरभी? … रडून राह्यली काय वं?

… बरं, ठेव आता. तुह्या बाबाच्या गाडीचा आवाज आला. भाकर टाकाची आहे मले.